बांडगूळ, अमरवेल आणि पोशिंद्याचे रसायन

(जयपूर येथील सी-स्कीम भागात मराठी वाचकांपुढे अनुवादकाने केलेल्या भाषणाचा पाठ)



अनुवादकाला भाषणासाठी बोलावण्याचा प्रघात आपल्याकडे फारसा नाही. विचार मूळ लेखकाचा, अनुवादकाने फक्त शब्द बदलले, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु परजीवी वनस्पतींविषयीचे शास्त्रीय लेखन मराठीत आणताना शब्द बदलणे हे काम वाटते तितके निरुपद्रवी राहत नाही. एकेक शब्द निवडताना त्यामागच्या समजुतीचीही निवड करावी लागते आणि कित्येकदा असे आढळते की, आपली जुनी समजूत शास्त्राने केव्हाच मागे टाकली आहे. म्हणून आज मी पुस्तकाचा परिचय न करून देता त्यातील एका प्रश्नाचाच विचार आपल्यापुढे मांडणार आहे. एक वनस्पती दुसरीवर जगू लागली म्हणजे त्या दुसरीच्या रासायनिक संरक्षणाचे काय होते, हा तो प्रश्न होय.

प्रथम 'बांडगूळ' हा शब्द घेऊ. मराठीत तो वनस्पतीपेक्षा माणसांनाच अधिक वेळा लावला जातो. स्वतः काही न करता दुसऱ्याच्या जिवावर जगणारा तो बांडगूळ. या शिवीत आळसाचा आरोप आहे. अमरकोशात मात्र या वनस्पतीला 'वृक्षरुहा' आणि 'वृक्षादनी' अशी नावे आहेत. वृक्षावर वाढणारी आणि वृक्षाला खाणारी, अशी ही दोन सरळ निरीक्षणे असून त्यांत आळसाचा उल्लेख नाही. आजचे शास्त्रही या जुन्या कोशकाराच्या बाजूने आहे. परजीवी वनस्पती आळशी नसते. ती ऐकते, वास घेते, पोशिंद्याची हाक दाबते, त्याचे विष उसने घेते आणि प्रसंगी त्याच्या शेजाऱ्यापर्यंत निरोपही पोचवते. हे सारे ती रसायनांच्या द्वारे करते.

'पोशिंदा' हा शब्द मी आत्ता सहज वापरला, त्याचा खुलासा केला पाहिजे. ज्या झाडावर परजीवी जगते त्याला शास्त्रीय लेखनात 'आश्रयदाता' किंवा 'यजमान' म्हणतात. यजमान पाहुण्याला बोलावतो आणि आश्रयदाता आश्रय देतो. येथे ना निमंत्रण असते, ना दान. पोशिंदा मात्र पोसतो, मग ते त्याच्या खुशीने असो वा नाइलाजाने. शिवाय हा शब्द आपण शेतकऱ्यालाही लावतो, आणि पुढे दिसेल की या विषयात अखेरचा भार त्याच्याच खांद्यावर येऊन पडतो. मराठी विश्वकोशाने या जीवनपद्धतीला 'जीवोपजीवन' अशी नेमकी संज्ञा दिली आहे. भाषणात ती जड वाटेल म्हणून मी 'परजीवी' हाच रूढ शब्द ठेवतो.

आता थोडी ओळख. सपुष्प वनस्पतींपैकी सुमारे एक टक्का, म्हणजे साडेचार हजारांच्या आसपास जाती परजीवी आहेत, आणि ही जीवनपद्धती उत्क्रांतीच्या ओघात एकदाच नव्हे, तर सुमारे डझनभर वेळा स्वतंत्रपणे निर्माण झाली आहे. त्या सर्वांत एक अवयव समान आहे. त्याला आपण शोषक म्हणू. हा शोषक पोशिंद्याच्या खोडात वा मुळात शिरतो आणि त्याच्या रसवाहिन्यांशी आपल्या रसवाहिन्या जोडतो. आंब्यावरचे बांडगूळ हिरवे असते. ते आपले अन्न बऱ्याच अंशी स्वतः तयार करते. झाडाकडून त्याला मुख्यतः पाणी आणि क्षार हवे असतात. हा अर्धपरजीवी प्रकार होय. चंदन हाही अर्धपरजीवीच आहे, फक्त त्याचे शोषक जमिनीखाली शेजाऱ्यांच्या मुळांना चिकटलेले असल्यामुळे देव्हाऱ्यात चंदन उगाळणाऱ्यांना त्याचा हा व्यवसाय कळत नाही. अमरवेलीला मात्र ना पाने, ना जमिनीतील मुळे. पिवळट दोऱ्यांचे ते जाळे सर्वस्वी पोशिंद्यावर अवलंबून असते.

आपण जेथे बसलो आहोत ती सी-स्कीम म्हणजे जयपूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्या कारकिर्दीत, १९४२ ते १९४६ या काळात, जुन्या शहराच्या तटाबाहेर आखलेल्या योजनांपैकी एक. या शहराच्या आसपास बोरीवर आणि कुंपणांच्या झुडपांवर अमरवेल पसरलेली आपण पाहिली असेल. हिवाळ्यात येथून भरतपूरच्या रस्त्याने निघालात तर दोन्ही बाजूंना मोहरीची पिवळी शेते लागतात. त्यांच्या बुंध्यांशी मधूनच निळसर-जांभळ्या फुलांचा, पाने नसलेला एक तुरा जमिनीतून वर आलेला दिसतो. इकडचे शेतकरी त्याला 'मरगोजा' म्हणतात. आपल्या निपाणी-कोल्हापूरकडील तंबाखूच्या शेतात त्याचाच भाऊबंद 'बंबाखू' या नावाने कुप्रसिद्ध आहे. ज्वारीत वाढणारा 'टारफुला' हा त्याच घराण्यातील तिसरा. अमरवेल, मरगोजा आणि टारफुला या तिघांभोवती आजचे माझे विवेचन फिरणार आहे.

परजीवी काय करते ते समजण्यासाठी प्रथम वनस्पती स्वतःचे रक्षण कसे करते ते पाहावे लागेल. तिला पळता येत नाही, म्हणून तिने आपले शस्त्रागार रसायनांचे केले आहे. कडुनिंबाचा कडूपणा, रुईचा चीक, कण्हेरीचे विष ही त्याची परिचित उदाहरणे. सर्वांत बोलके उदाहरण आपल्या स्वयंपाकघरातच आहे. मोहरीचा अखंड दाणा नाकाला लावला तर विशेष वास येत नाही. पण तीच मोहरी पाणी घालून फेसली की, डोळ्यांत पाणी येईपर्यंत झणका चढतो. याचे कारण असे की, मोहरीत ग्लुकोसिनोलेट नावाची द्रव्ये एका कप्प्यात आणि त्यांचे विघटन करणारे विकर दुसऱ्या कप्प्यात, अशी वेगवेगळी ठेवलेली असतात. दाणा चिरडला की दोन्ही एकत्र येतात आणि झणझणीत मोहरीचे तेल मुक्त होते. पानात दात रोवणाऱ्या अळीलाही हाच अनुभव येतो. आपण लोणच्यात ज्या चवीचे कौतुक करतो, ती मुळात किडीला दिलेली ताकीद आहे.

याशिवाय दुसरी व्यवस्था हल्ला झाल्यानंतर जागी होते. अळी पान कुरतडू लागली की वनस्पतीच्या अंगात जॅस्मोनिक आम्ल हे संप्रेरक झपाट्याने वाढते. हे चमेलीच्या सुगंधी तेलातील एका द्रव्याचे सख्खे नातलग, आणि नावही तेथूनच आले. त्याच्या इशाऱ्याने पानांत अळीचे पचन बिघडवणारी प्रथिने तयार होतात, तसेच काही बाष्पनशील द्रव्ये हवेत सोडली जातात. त्या वासाच्या मागावर परोपजीवी गांधिलमाश्या येतात आणि अळीच्या अंगात अंडी घालतात. जणू वनस्पती आपल्या शत्रूच्या शत्रूला हाक मारते. रोगजंतूंपैकी पुष्कळांविरुद्ध मात्र दुसरा इशारा चालतो. तो सॅलिसिलिक आम्लाचा. हे डोकेदुखीवरील ॲस्पिरिनच्या गोळीचे भावंड आहे. या दोन इशाऱ्यांचे परस्परांशी पुष्कळदा पटत नाही. एक चढला की दुसरा उतरतो. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढील सारे नाट्य तिच्यावर उभे आहे.

आता परजीवीकडे वळू. तिची पहिली कला म्हणजे ऐकणे. टारफुल्याचे बी धुळीच्या कणासारखे, मिलिमीटरच्या एक-तृतीयांशाहूनही लहान असते. त्यात शिदोरी इतकी तुटपुंजी की, रुजल्यानंतर काही दिवसांत पोशिंद्याचे मूळ गाठले नाही तर मरण ठरलेले. म्हणून ते वर्षानुवर्षे, दहा वर्षांहूनही अधिक काळ, मातीत निजून राहते आणि योग्य मूळ जवळ आल्यावरच जागे होते. ते कसे कळते? १९५६ मध्ये अमेरिकेच्या कॅरोलिना राज्यांत टारफुल्याचा शिरकाव लक्षात आला आणि या प्रश्नाला निकड प्राप्त झाली. १९६६ मध्ये कापसाच्या मुळांतून झिरपणारे एक द्रव्य वेगळे करण्यात आले. त्याच्या अत्यल्प अंशानेही टारफुल्याचे बी रुजत होते. त्याला 'स्ट्रायगॉल' असे नाव मिळाले, आणि १९७२ मध्ये त्याची रचना उलगडली.

परंतु एक कोडे राहिले. स्वतःच्या वैऱ्याला जागे करणारे द्रव्य वनस्पती मुळातून सोडतेच कशाला? याचे उत्तर मिळायला २००५ साल उजाडावे लागले. जपानमधील संशोधकांनी दाखवले की, या वर्गातील द्रव्ये ही मुळांशी सहजीवन करणाऱ्या कवकांना घातलेली साद असते. फॉस्फरस कमी पडला की मूळ या कवकांना बोलावते. ते कवक मातीतून फॉस्फरस आणून देतात. पुढे २००८ मध्ये असेही सिद्ध झाले की, हीच द्रव्ये वनस्पतीच्या अंगात फांद्या किती फुटाव्यात हे ठरवणारी संप्रेरके आहेत. म्हणजे मित्रासाठी पाठविलेला निरोप टारफुला वाटेत ऐकतो. हलक्या, उपाशी जमिनीत टारफुला अधिक माजतो असा जो शेतकऱ्यांचा अनुभव आहे, त्याचे एक कारण येथे सापडते. भुकेले पीक अधिक मोठ्याने हाक मारते.

मोहरीच्या घराण्याची कथा तर याहून विलक्षण आहे. मरगोज्याची एक बहीण फ्रान्समध्ये मोहरीवर्गातील रेपसीड या पिकावर वाढते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार तिच्या बियांना जागे करणारी द्रव्ये ही ग्लुकोसिनोलेटांच्याच विघटनातून मुळांशी तयार होतात. म्हणजे जो झणका किडीला दूर ठेवण्यासाठी होता, तोच या परजीवीला घराचा पत्ता सांगतो. शस्त्राचेच निमंत्रण झाले.

अमरवेल ऐकत नाही, ती वास घेते. २००६ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील जस्टिन रनियॉन, मार्क मेशर आणि कॉन्सुएलो द मोरेस यांनी दाखवले की, तिचे नुकते रुजलेले रोप टोमॅटोच्या हवेतील गंधाकडे झुकत वाढते. आणि गहू व टोमॅटो यांत निवड करावयाची वेळ आली तर टोमॅटोकडे वळते. गव्हाच्या गंधातील एक द्रव्य तिला परतवून लावते. वनस्पतीला नाक नसते हे खरे, पण गंधाचा अर्थ लावायला नाकच लागते असे नाही.

दुसरी कला म्हणजे हाक दाबणे, आणि आजच्या विषयाचा गाभा हाच आहे. वरील तिघा संशोधकांनी २००८ मध्ये पुढचा प्रश्न विचारला: अमरवेलीने वेढलेल्या टोमॅटोवर अळी चढली तर काय होते? त्यांनी लष्करी अळीच्या गटातील एक अळी वापरली. निरोगी टोमॅटोने अळी लागताच नेहमीप्रमाणे जॅस्मोनिक आम्ल वाढवले. अमरवेल असलेल्या टोमॅटोत मात्र ते सुमारे एक-तृतीयांशच तयार झाले. तीन दिवस अळी पाने खात राहिली, तरी त्या झाडांनी मदतीची हाक मारणारे ते बाष्पनशील द्रव्य सोडले नाही. निरोगी झाडांनी ते सोडले होते.

यावर कोणीही म्हणेल की, त्यात नवल काय? अमरवेलीने रस शोषून घेतला, झाड अशक्त झाले, मग हाक मारायला बळ कोठून येणार? ही आपली 'बांडगूळ' शब्दातली जुनी समजूत होय. संशोधकांनी तीच तपासली. कृत्रिम उपायाने चेतवले असता त्याच वेढलेल्या झाडांनी ती बाष्पे सोडून दाखवली. म्हणजे बळ होते. इशारा पोचत नव्हता. वेढलेल्या झाडांत सामान्यतः सॅलिसिलिक आम्ल वाढलेले आढळले. अमरवेलीला झाडाने जणू रोग समजून एक व्यवस्था चढवली, आणि तिच्यामुळे किडीविरुद्धची दुसरी व्यवस्था खाली बसली. सॅलिसिलिक आम्ल साठवू न शकणाऱ्या टोमॅटोच्या वाणावर तोच प्रयोग केल्यावर जॅस्मोनिक आम्ल काही अंशी सुधारले, पूर्ण मात्र नाही. तेव्हा दोन व्यवस्थांतील ही कुरघोडी हे एक कारण आहे, एकमेव नव्हे.

त्याच प्रयोगात आणखी एक निष्कर्ष निघाला, आणि सोयीस्कर कथा सांगणाऱ्याने तो गाळला असता. संरक्षण मंदावले असूनही वेढलेल्या टोमॅटोवर अळ्यांची वाढ अधिक वेगाने न होता उलट सावकाश झाली. म्हणजे दुबळ्या झाडावर किडीची चंगळ होते असा सरधोपट नियम सांगता येत नाही. परजीवीमुळे झाडाची भाषा बदलते, एवढेच ठामपणे म्हणता येते. ती कोणाला फायद्याची ठरेल हे अळी, परजीवी, पीक आणि वेळ पाहून ठरते.

टारफुल्याच्या बाबतीतही अन्नाचा साधा हिशेब पुरत नाही. तो जमिनीच्या वर दिसण्यापूर्वीच ज्वारी खुरटते, पाने पिवळी पडतात. परजीवीने प्रत्यक्ष नेलेले अन्न मोजले तर एवढे नुकसान होण्याचे कारण दिसत नाही. पोशिंद्याच्या संप्रेरकांचा तोल ढळतो आणि त्याची अन्न तयार करण्याची क्षमताच मंदावते. शेतकऱ्याला हे आधीपासून ठाऊक होते. इंग्रजीत या तणाला चेटकिणीचे नाव मिळाले ते उगाच नव्हे.

परजीवी पोशिंद्याच्या अंतर्गत कारभारात किती खोल जाते, याचा अधिक थेट पुरावा २०१८ मध्ये मिळाला. अमरवेलीच्या एका जातीत शोषकाच्या जागी काही सूक्ष्म आरएनए विपुल आढळले. पेशीच्या केंद्रातून प्रथिन बनवण्याचे निरोप घेऊन जो संदेशवाहक आरएनए निघतो, त्याला हे सूक्ष्म आरएनए गाठतात आणि निकामी करतात. अमरवेलीचे सूक्ष्म आरएनए पोशिंद्यात शिरून पोशिंद्याचेच निरोप फाडत होते. त्यांचे लक्ष्य असलेली काही जनुके ज्या पोशिंद्यांत आधीच निकामी होती, त्यांच्यावर अमरवेल अधिक फोफावली. म्हणजे ही जनुके तिला अडवण्याच्या कामाची होती, असे मानायला आधार मिळतो.

पोशिंदा मुकाट्याने सोसतो असे मात्र नव्हे. आपल्या ओळखीची भारतीय अमरवेल पुष्कळ झाडांवर जगते, पण टोमॅटोवर तिची डाळ शिजत नाही. ती जेथे चिकटते तेथे टोमॅटोच्या खोडाचे कातडे तपकिरी, टणक होते आणि शोषक आत जाऊ शकत नाही. २०१६ मध्ये जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील मार्कुस आल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोमॅटोच्या पेशींवरील एक ग्राही प्रथिन शोधून काढले. अमरवेलीतील एक विशिष्ट द्रव्य त्याला लागताच टोमॅटो सावध होतो. जंतूंना ओळखणारे असे ग्राही पूर्वीपासून माहीत होते. एक वनस्पती दुसऱ्या वनस्पतीला शत्रू म्हणून ओळखते हे येथे प्रथम अशा स्पष्ट रूपात दिसले.

तिसरी कला म्हणजे विष उसने घेणे. शोषक रसाबरोबर त्यातील विषेही ओढतो. १९६१ साली ऑस्ट्रेलियातील एका रसायनशास्त्रीय नियतकालिकात कण्हेरीवर वाढलेल्या बांडगुळांविषयी लेख आला. त्या बांडगुळांत कण्हेरीची, हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइडे सापडली होती. उसन्या विषाचा परजीवीला लाभ होतो की नाही, हे लिन ॲड्लर यांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून कळले. ल्युपिन या शेंगवर्गीय वनस्पतीतून अल्कलॉइडे घेणाऱ्या एका अर्धपरजीवी रानफुलाला किडीने कमी खाल्ले आणि त्याचे परागणही अधिक झाले. २०१६ मध्ये मोहरीच्या एका छोट्या आप्तावर वाढवलेल्या अमरवेलीत ग्लुकोसिनोलेटांचे प्रमाण पोशिंद्यापेक्षाही अधिक आढळले आणि त्यामुळे मटारावरचा मावा तिच्यावर टिकेना. तथापि हे उसने फुकट नव्हते. त्यांतील एका प्रकारच्या ग्लुकोसिनोलेटांचे प्रमाण वाढवलेल्या पोशिंद्यावर खुद्द अमरवेलीची वाढ खुंटली. एकच द्रव्य तिला चिलखतही होते आणि काचही.

येथे एक व्यावहारिक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. आपल्या घरगुती औषधांत अमरवेल आणि बांडगूळ दोन्हींचा वापर आहे, आणि अमुक झाडावरचे बांडगूळ अमुक गुणाचे, अशी परंपरागत समजूतही आहे. त्या समजुतीतील प्रत्येक विधान खरे ठरेल असे नाही. पण परजीवीचे रसायन पोशिंद्यावर अवलंबून असते, हे तिचे मूळ निरीक्षण खरे आहे. म्हणूनच कुंपणावरून ओढून आणलेली अमरवेल कोणत्या झाडावरची होती हे ठाऊक नसताना ती काढ्यात घालू नये. बोरीवरची आणि कण्हेरीवरची वेल डोळ्यांना सारखीच दिसते; पोटाला तसा अनुभव येईलच असे नाही.

चौथी गोष्ट सर्वांत अनपेक्षित आहे. अमरवेल एका झाडावर थांबत नाही. तिचे दोरे शेजारच्या झाडांना जोडतात. चीनमधील कुनमिंग येथील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले की, एका झाडाला अळी लागली की त्याचा इशारा अमरवेलीच्या दोऱ्यांतून दुसऱ्या झाडापर्यंत, मीटरभर अंतरावरही, पोचतो आणि त्या दुसऱ्या झाडाचे संरक्षण आधीच सज्ज होते. भिन्न जातींच्या झाडांतही हा निरोप समजला जातो. जी वेल एका ठिकाणी हाक दाबते, तीच दुसऱ्या ठिकाणी तारायंत्र बनते. यावरून तिला उपकारकर्ती समजण्याचे कारण नाही. दोऱ्यांतून रस वाहतो तेव्हा त्याबरोबर वार्ताही वाहते, आणि पोशिंदे जिवंत व पानांनी भरलेले राहिले तर शेवटी वेलीचेच पोट भरते.

आता या साऱ्याचा शेतकऱ्याला उपयोग काय, हे विचारणे रास्त आहे. राजस्थानचा पूर्व भाग हा देशातील मोहरीचा मोठा पट्टा आहे. भरतपूरजवळील सेवर येथे या पिकाच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था १९९३ पासून आहे. मरगोजा जमिनीवर दिसतो तेव्हा त्याचे बहुतेक काम उरकलेले असते. एकेका रोपट्यातून हजारो, कधी लाखाहून अधिक बिया मातीत पडतात आणि दहा-दहा वर्षे टिकतात. नेहमीच्या तणनाशकाने त्याला मारावे, तर तो मोहरीच्याच मुळाला जोडलेला. म्हणून पहिला उपाय जुनाच आहे: फूल धरून बी होण्याआधी उपटणे, उपटलेले शेताबाहेर नेऊन जाळणे, बियाणे स्वच्छ घेणे आणि त्याच शेतात मोहरीमागून मोहरी न घेता फेरपालट करणे.

नवे उपाय रसायनांच्या या संभाषणातूनच निघाले आहेत. बी जागे होऊनही पोशिंदा न भेटल्यास मरते, हे लक्षात घेऊन त्याला फसवून जागे करता येते. अमेरिकेत टारफुल्याच्या निर्मूलनासाठी जमिनीत इथिलीन वायू सोडण्यात आला तो याच तत्त्वावर. गरीब शेतकऱ्याला वायू परवडत नाही, पण सापळा पीक परवडते: ज्याचे मूळ टारफुल्याला जागे करते आणि जेवू मात्र घालत नाही. कापूस हे असेच एक पीक आहे. ज्वारीच्या काही वाणांची मुळे टारफुल्याला जागेच करत नाहीत. २०१७ मध्ये त्यांचे रहस्य उकलले. एका जनुकातील बदलामुळे त्यांच्या मुळांतून निघणाऱ्या द्रव्याचा प्रकारच बदलला होता. टारफुला-प्रतिकारक ज्वारीवर आयुष्य वेचणारे इथिओपियात जन्मलेले शास्त्रज्ञ गेबिसा एजेटा यांना २००९ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपल्याकडील एन-१३ या देशी ज्वारीचा मार्ग आणखी निराळा. तिच्या मुळांच्या पेशीभित्ती जाड होऊन शोषकाला वाटेतच अडवतात.

माझ्या मते सर्वांत शिकण्यासारखी पद्धत केनियात झियाउर खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली. मक्याच्या ओळींत डेस्मोडियम ही शेंगवर्गीय वनस्पती लावतात. तिचा वास खोडकिडीच्या पतंगाला दूर ठेवतो. तिच्या मुळांतील द्रव्ये टारफुल्याच्या बियांना जागे करतात आणि फुटलेल्या अंकुराची वाढ रोखतात. शेताच्या कडेने लावलेले गवत किडीला आपल्याकडे ओढून घेते. कीड आणि परजीवी यांचा बंदोबस्त येथे एकाच आखणीत होतो. टोमॅटोच्या प्रयोगाने जे सांगितले त्याला हे धरूनच आहे. परजीवी, कीड आणि रोग ही पिकाच्या अंगात एकमेकांत गुंतलेली प्रकरणे असतात, तीन वेगळ्या खात्यांतील फायली नव्हेत. मरगोजा असलेल्या मोहरीवर मावा किती आणि केव्हा येतो, हे दोन्ही एकाच वेळी पाहणारा डोळा शेतात हवा. तो डोळा पुष्कळदा शेतकऱ्याचाच असतो, आणि त्याच्या भाषेत त्याला हे सांगितले गेले नाही, तर त्याची निरीक्षणे शास्त्रापर्यंत पोचत नाहीत आणि शास्त्राचे निष्कर्ष त्याच्यापर्यंत पोचत नाहीत.

अनुवादाचे प्रयोजन माझ्यापुरते येथे आहे. टारफुला, बंबाखू, मरगोजा, बांडगूळ ही नावे लोकांनी स्वतःच्या निरीक्षणातून दिलेली आहेत. शास्त्रीय पुस्तकाने ती पुसून त्यांच्या जागी केवळ लॅटिन नावे बसवली, तर वाचकाला आपल्या बांधावरची वनस्पती ओळखता येणार नाही. उलट केवळ जुन्या नावांवर विसंबलो, तर नावाबरोबर आळसाची ती जुनी समजूतही चालत राहील. म्हणून नाव जुने ठेवावे आणि त्यात नवे ज्ञान भरावे, असा मार्ग या पुस्तकात पत्करला आहे. तो कितपत साधला हे वाचकांनी ठरवावयाचे आहे.